दोन अक्षरांचा हुकूम

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणकप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीची जी हस्तपुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 या तारखेने सिद्ध केली, तीत फाइल काढून टाकणारी ‘आरएम’ आणि रिकामी डिरेक्टरी काढून टाकणारी ‘आरएमडिर’ अशा दोन आज्ञा होत्या. आणि आज अर्धशतक उलटून गेल्यावरही, युनिक्सच्या कुळातील यंत्र जिथे जिथे चालते तिथे तिथे, मग तो बँकेचा सर्व्हर असो वा एखाद्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप, त्याच दोन आज्ञा जवळजवळ त्याच अर्थाने दिल्या जातात. यांतील पहिलीचा स्वभाव विलक्षण आहे. काम यथास्थित पार पडले तर ती एक अक्षरही बोलत नाही. टर्मिनलवर पुढच्या हुकमाची वाट पाहणारी ओळ पुन्हा उमटते, एवढीच काय ती तिची पावती. हे मौन योग्य की अयोग्य, यावर माझ्या परिचयाच्या एका मामा-भाच्यांत दीर्घ वाद झाला. मामा जिल्हा कचेरीच्या अभिलेखकक्षात उभी हयात घालवून निवृत्त झाले आणि त्यानंतर जिद्दीने युनिक्सच्याच कुळातली लिनक्स ही प्रणाली शिकू लागले. भाचा एका कंपनीच्या सर्व्हरांची देखरेख करतो. दोघेही आपापल्या कामाविषयी मनापासून आस्था बाळगणारे असल्यामुळे तो वाद मला मननीय वाटला, म्हणून येथे मांडतो.

मामा: अरे, आमच्या कचेरीत कागद नष्ट करणे हे कागद तयार करण्याहून अधिक जोखमीचे काम समजले जाई. निंदणीकरण म्हणत आम्ही त्याला. आधी वर्गीकरण करायचे. ‘अ’ वर्गातले अभिलेख कायम जतन करायचे, ‘ड’ वर्गातले वर्षभरानंतर काढायचे, मधल्या वर्गांच्या मुदती वेगळ्या. मग नष्ट करावयाच्या प्रकरणांची यादी करायची, ती वरिष्ठांपुढे ठेवायची, मंजुरी घ्यायची आणि नाश झाल्यावर तारखेनिशी नोंदवहीत दाखला ठेवायचा. केंद्राच्या 1993 च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमात तर विहित रीत सोडून अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. आणि इथे तू मला शिकवतोस की दोन अक्षरे, एक विकल्प आणि डिरेक्टरीचे नाव लिहून बोट दाबले की अख्खे दफ्तर गेले. ना यादी, ना मंजुरी, ना दाखला! ज्यांनी हे केले त्यांना कागदाची किंमत ठाऊक नव्हती असे मला प्रांजळपणे वाटते.

भाचा: मामा, किंमत ठाऊक होती, परंतु ती आज्ञा प्रत्यक्षात काय करते ते आधी पाहू. युनिक्समध्ये डिरेक्टरी म्हणजे फाइलींचा साठा नव्हे. ती तुमच्या अभिलेखकक्षातल्या फेरिस्तीसारखी आहे: एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला क्रमांक. तो क्रमांक ज्या नोंदीकडे बोट दाखवतो तिला आयनोड म्हणतात. फाइल कोणाची, केवढी, डिस्कच्या कोणत्या खंडांत तिचा मजकूर आहे, आणि तिला एकूण किती नावे आहेत, हे सारे त्या आयनोडात असते. ‘आरएम’ फेरिस्तीतली एक ओळ खोडते आणि नावांच्या संख्येतून एक वजा करते, इतकेच. एका फाइलीला दोन ठिकाणी दोन नावे असतील तर एक खोडल्याने मजकुराला धक्काही लागत नाही. संख्या शून्यावर आली आणि कोणताही चालू प्रोग्राम ती फाइल उघडून बसलेला नसला, तरच ती जागा मोकळी समजली जाते.

मामा: उघडून बसला असेल तर?

भाचा: तर नाव गेले तरी मजकूर जिवंत राहतो. डिस्क भरली म्हणून एखाद्या सर्व्हरची अवाढव्य नोंद-फाइल नवख्या माणसाने काढावी, यादीत ती दिसेनाशी व्हावी, आणि तरीही डिस्कवर एक बाइटही मोकळा होऊ नये, असा प्रसंग आमच्या धंद्यात वारंवार येतो. कारण सर्व्हरचा प्रोग्राम ती निनावी फाइल हातात धरून लिहीतच असतो. तो प्रोग्राम थांबवला की मगच जागा सुटते. याच रचनेमुळे आणखी एक गोष्ट घडते, जी प्रथम ऐकणाऱ्याला खटकते: फाइल काढण्याचा अधिकार फाइलीवर लिहिण्याच्या परवानगीने ठरत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लिहिण्याच्या परवानगीने ठरतो.

मामा: म्हणजे कागदावर ‘केवळ वाचनासाठी’ असा शिक्का असला तरी फेरिस्त ज्याच्या ताब्यात तो तिच्यातून तो कागद उडवू शकतो?

भाचा: होय. अशा फाइलीबद्दल ‘आरएम’ एकदा विचारते खरी, पण ‘एफ’ हा विकल्प दिला की तेही विचारत नाही. म्हणूनच जिथे सर्वांना लिहिण्याची मुभा असते, त्या ‘टीएमपी’सारख्या सामाईक डिरेक्टरीवर एक खास खूण ठेवावी लागते, जिच्यामुळे दुसऱ्याची फाइल काढता येत नाही.

मामा: ठीक. पण मग मजकूर डिस्कवर शिल्लकच राहतो, तर खोडलेली ओळ पुन्हा लिहून द्यायला काय हरकत आहे? आमच्याकडे फेरिस्तीत नोंद राहून गेली म्हणून रुमालातला कागद काही नाहीसा होत नसे. शोधून काढत असू.

भाचा: एके काळी काही अंशी ते शक्य होते. एमएस-डॉस या प्रणालीत फाइल काढली की तिच्या नावाचे पहिले अक्षर पुसून तिथे एक खूण ठेवली जाई, बाकीची नोंद तशीच राही. म्हणून 1991 साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीत फाइल परत आणणारी ‘अनडिलीट’ ही आज्ञा देता आली. ती वापरणाऱ्याला नावाचे पहिले अक्षर तेवढे विचारी, आणि मधल्या काळात त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल तर फाइल परत येई. परंतु लिनक्सवरच्या ईएक्सटी-3 आणि तिच्या पुढच्या फाइलव्यवस्थांत शेवटचे नाव जाताच आयनोडातला खंडांचा पत्ताही पुसला जातो. आणि आजच्या एसएसडी डिस्कला तर ‘ट्रिम’ या सूचनेने मोकळे खंड कळवले जातात, मग ती ते आपल्या सवडीने साफ करते. मजकूर क्वचित सापडतो, पण त्यावर विसंबून राहता येत नाही.

मामा: तूच सांगितलेस ना, की युनिक्सच्या समकालीन टॉप्स-20 या प्रणालीत फाइल काढली तरी ‘एक्स्पंज’ ही निराळी आज्ञा देईपर्यंत ती परत मागता येत असे? व्हीएमएसमध्ये फाइल पुन्हा जतन करताना जुनी आवृत्ती क्रमांकासह राहत असे आणि ‘पर्ज’ म्हटल्यावरच जाई? म्हणजे या विचाराची माणसे त्या काळीही होती. काढून टाकणे आणि नष्ट करणे या दोन पायऱ्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या. तुझ्या युनिक्सकारांनी त्या एक केल्या, हा माझा मूळ आक्षेप आहे.

भाचा: त्यांनी एक केल्या, कारण त्यांच्या मते आज्ञा देणारा दर वेळी माणूसच असेल असे नव्हते. युनिक्सची सारी रचना लहान लहान आज्ञा एकमेकींना जोडण्यावर उभी आहे. एखादा प्रोग्राम बांधताना शेकडो तात्पुरत्या फाइली तयार होतात आणि पुसल्या जातात. रात्री दोन वाजता आपोआप चालणारी स्क्रिप्ट जुन्या नोंदी काढते. तिथे ‘खात्री आहे का?’ असे विचारले तर उत्तर द्यायला कोण बसले आहे? मौन हा त्या जोडणीचा करार आहे: काही बिघडले तर बोल, नाहीतर पुढे जाऊ दे. आणि माणूस बसलेला असला तरी प्रश्नाने फारसे काही साधत नाही. कित्येक यंत्रांवर प्रशासकासाठी ‘आरएम’चे असे रूप ठरवून दिलेले असते की प्रत्येक फाइलीमागे ती विचारते. पहिले काही दिवस माणूस नाव वाचून ‘वाय’ दाबतो. पुढे नाव न वाचता दाबतो. आणि शेवटी विचारण्याची कटकट नको म्हणून ‘एफ’ हा विकल्पच हाताच्या सवयीचा होतो. याहून वाईट म्हणजे, आपले यंत्र विचारते या भरवशावर वाढलेला माणूस एके दिवशी न विचारणाऱ्या यंत्रावर बसतो.

या ठिकाणी भाच्याचे म्हणणे मला निःशंकपणे ग्राह्य वाटते. प्रत्येक पानावर घेतलेली सही ही कोणत्याही पानाची तपासणी नसते, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगावे लागू नये. परंतु मामांचा पुढचा मुद्दा अधिक खोल होता, आणि तो सवयीच्या पलीकडचा होता.

मामा: तू हाताच्या चुकीबद्दल बोलतोस. मी शिकताना पाहिले ते निराळेच आहे. मी ‘कोणतेही नाव’ या अर्थाचे नक्षत्रचिन्ह लिहिले की ते ‘आरएम’पर्यंत पोचतच नाही. मधला शेल, म्हणजे माझा हुकूम वाचून पुढे धाडणारा प्रोग्राम, त्याचा विस्तार करून नावांची रांग तिच्या हाती देतो. ‘ओ’ या शेपटाच्या सगळ्या फाइली काढायच्या म्हणून नक्षत्र आणि बिंदू यांच्यामध्ये चुकून एक जागा सुटली, की शेल प्रथम डिरेक्टरीतली यच्चयावत नावे देतो. आणि बिचाऱ्या ‘आरएम’ला कळायला मार्गच नाही की धन्याला दोनचार फाइली काढायच्या होत्या की सर्व. एखाद्या फाइलीचे नाव आडव्या रेघेने सुरू होत असेल तर तेच नाव विकल्प म्हणून वाचले जाते. हुकूम देणारा एक बोलतो, कारकून दुसरेच लिहून घेतो आणि शिपाई तिसरेच करतो. आणि तिघांपैकी एकालाही दुसऱ्याची चूक दिसत नाही. याला तू आज्ञापालन म्हणशील का?

भाचा: हा आक्षेप मला मान्य करावाच लागेल, आणि त्याची उदाहरणे तुमच्या कल्पनेहून गंभीर आहेत. 2011 साली बम्बलबी नावाच्या एका प्रकल्पाच्या प्रतिष्ठापन-स्क्रिप्टमध्ये ‘यूएसआर’ या डिरेक्टरीच्या नावानंतर एक अनावश्यक जागा राहिली. तिच्या पोटातली एक लहानशी डिरेक्टरी काढायची होती, पण त्या जागेमुळे आज्ञेचे दोन तुकडे झाले आणि लोकांच्या यंत्रांवरची संपूर्ण ‘यूएसआर’ पुसली गेली. 2015 च्या जानेवारीत स्टीम या खेळांच्या प्रोग्रामची लिनक्सवरची स्क्रिप्ट अशीच गाजली. आपण कुठे बसलो आहोत ते ठिकाण ती एका नावात साठवी, आणि त्या नावापुढे तिरपी रेघ व नक्षत्र लावून काढून टाकण्याची आज्ञा देई. ते ठिकाण सापडले नाही तेव्हा नाव रिकामे राहिले, आणि रिकाम्या नावापुढची तिरपी रेघ म्हणजे यंत्राचे मूळ. ज्या वापरकर्त्याचे लेखन, छायाचित्रे, जोडलेली बाहेरची डिस्क गेली, त्याने ‘आरएम’ ही अक्षरे स्वतः लिहिलीच नव्हती.

मामा: मग?

भाचा: मग उपाय झाले, पण तुटपुंजे. लिनक्सवर चालणाऱ्या ग्नू प्रकल्पाच्या ‘आरएम’ने 2006 पासून मुळाची डिरेक्टरी सरळ काढायला नकार देणे हीच रूढ रीत केली. परंतु मुळापुढे नक्षत्र लावले की शेल ते आधीच उलगडतो, आणि ‘आरएम’ला मूळ दिसत नाही, केवळ त्याच्या फांद्या दिसतात, तिथे तो नकार निकामी ठरतो. स्क्रिप्टमध्ये त्या नावासोबतच ‘हे नाव रिकामे असेल तर थांब’ अशी सूचना लिहिता येते, आणि ती न लिहिणारा माझ्या मते कर्तव्यात कसूर करतो. ‘आरएमडिर’ तर जन्मापासूनच सावध आहे. डिरेक्टरी रिकामी नसेल तर ती काढतच नाही, म्हणून रिकामीच असायला हवी अशा ठिकाणी तीच वापरावी. आणि मी स्वतः नक्षत्र असलेली आज्ञा देण्यापूर्वी ‘आरएम’च्या जागी ‘एको’ लिहून शेल काय उलगडतो ते वाचतो. ‘फाइंड’ने जुन्या फाइली शोधून काढायच्या असतील तर आधी नुसती यादी छापून घेतो, ती पाहतो, आणि मगच शेवटी ‘डिलीट’ जोडतो. शेवटीच, कारण तो शब्द सुरुवातीला लिहिला गेला तर अटी वाचण्याआधीच फाइंड सगळे काढून टाकते.

मामा: अरे, हीच तर माझी निंदणीकरणाची यादी! नाशाआधी यादी करायची, ती वाचायची, मगच हात लावायचा. तू ती पाळतोस आणि यंत्राने पाळू नये म्हणतोस.

भाचा: यादी हवीच, मामा. वाद यावर आहे की ती कोणी करायची. यंत्राने ऐनवेळी विचारलेला प्रश्न आणि माणसाने आधी विचारपूर्वक केलेली यादी, या दोन गोष्टी मी एक मानत नाही. यासाठी मला लोकांचे प्रोग्राम-प्रकल्प सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीचा प्रसंग सांगावासा वाटतो, कारण त्या कंपनीने तो काहीही न लपवता जगापुढे ठेवला.

31 जानेवारी 2017 ची ती रात्र. मुख्य डेटाबेसचा सर्व्हर आणि त्याची सावली असलेला दुय्यम सर्व्हर, यांतल्या दुय्यमावर मुख्याची प्रत पुन्हा उभी करायची होती, आणि ती नीट उभी राहत नव्हती. थकलेल्या अभियंत्याने दुय्यमावरची डिरेक्टरी रिकामी करायची म्हणून पोटातल्या सर्वांसह ती काढण्याची आज्ञा दिली. क्षणादोन क्षणांत त्याच्या लक्षात आले की आपण दुय्यमावर नाही, मुख्यावर आहोत. त्याने आज्ञा थांबवली, तोवर सुमारे 300 गिगाबाइटांपैकी साडेचारच गिगाबाइट उरले होते.

मामा: आणि तिथे यंत्राने विचारले असते तर?

भाचा: तर त्याने ‘होय’च म्हटले असते! त्याला ती डिरेक्टरी काढायचीच होती. डिरेक्टरीचे नाव बरोबर होते, आज्ञा बरोबर होती. यंत्र चुकीचे होते. तुमचा प्रश्न त्या चुकीच्या जवळपासही पोचला नसता.

मामा: बरे, पण बॅकअप होता ना?

भाचा: पाच मार्गांनी होता, आणि पाचांपैकी एकही अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडला नाही. रोजचा बॅकअप घेणारे साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचे होते, म्हणून ते दररोज निकामी ठरत होते. ते निकामी ठरले हे कळवणाऱ्या ईमेलही सहीच्या तांत्रिक कारणावरून नाकारल्या जात होत्या, त्यामुळे कोणाला पत्ताच नव्हता. शेवटी एका अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून सारे पुन्हा उभे केले. मधल्या सहा तासांतले बदल गेले: सुमारे 5000 प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि 700 च्या आसपास नव्या वापरकर्त्यांची खाती, यांवर त्याचा परिणाम झाला. 1998 साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी 2’च्या फाइली अशाच एका आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या, तिथेही बॅकअप चालत नसल्याचे त्याच वेळी उघड झाले, आणि एका सहकारी बाईंनी घरून काम करता यावे म्हणून घरच्या संगणकावर ठेवलेल्या प्रतीने चित्रपट तारला. दोन्हीकडे विनाश ‘आरएम’ने केला हे खरे, पण विनाशाला विनाशाचे रूप आले ते न तपासलेल्या प्रतींमुळे.

मामा काही वेळ बोलले नाहीत. पुढे ते जे म्हणाले त्यात माघार नव्हती, परंतु वादाचा रोख मात्र बदलला.

मामा: प्रश्न विचारण्याचा आग्रह मी सोडतो. मुदतीचा आग्रह सोडत नाही. लिनक्सवर ‘ट्रॅश-सीएलआय’ या संचातली एक आज्ञा मला सापडली. ती फाइल काढत नाही, घरच्या डिरेक्टरीतल्या एका राखीव जागी हलवते, आणि शेजारी एक लहानशी नोंद ठेवते: मूळ ठिकाण कोणते, काढल्याची तारीख आणि वेळ कोणती. हा तर आमच्या नोंदवहीतला दाखलाच झाला! रोजच्या हातकामाला माणसाने हीच वापरावी. स्क्रिप्टांसाठी ‘आरएम’ खुशाल ठेवा.

भाचा: रोजच्या हातकामाला मान्य. सर्व्हरवर झेडएफएससारख्या फाइलव्यवस्थेत ठरावीक वेळाने संपूर्ण स्थितीची प्रतिमा घेऊन ठेवता येते, म्हणजे मुदत मिळते आणि मौनही अबाधित राहते. पण मुदतीलाही दुसरी बाजू आहे. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने नागरिकाला आपली माहिती पुसून मागण्याचा अधिकार दिला. युरोपात 2018 पासून लागू असलेल्या नियमाच्या 17 व्या कलमात तोच आहे. एखाद्या रुग्णाने आपली माहिती काढा म्हटले, आम्ही ‘काढली’ असे कळवले, आणि ती राखीव जागेत वर्षभर पडून राहिली, तर ती त्या माणसाशी केलेली फसवणूक ठरते. नाश हेही कर्तव्य असते.

मामा: ते मला शिकवू नकोस. ‘ड’ वर्गाचे कागद वेळेवर न काढल्यामुळे ‘अ’ वर्गाचे कागद ओलीत पडलेले मी पाहिले आहेत. पण मग सांग, तुझी ‘आरएम’ तरी नाश करते का? आत्ताच म्हणालास, ती फेरिस्तीतली ओळ खोडते.

भाचा: नाही करत. आणि ‘श्रेड’ ही मजकुरावर वारंवार दुसरे काही लिहिणारी आज्ञाही एसएसडीवर भरवशाची नाही, कारण ती डिस्क लिहिण्याची जागा आपल्या मर्जीने बदलत असते. खात्रीचा नाश हवा असेल तर डिस्क पहिल्यापासूनच कूटबद्ध ठेवावी लागते आणि वेळ आली की तिची किल्ली नष्ट करावी लागते.

मामा: म्हणजे ती राखतही नाही आणि नष्टही करत नाही.

भाचा: नाव काढते. त्यापलीकडचे वचन तिने 1971 पासून कधी दिलेलेच नाही.

वाद इथे थांबला, आणि माझ्या मते तो योग्य ठिकाणी थांबला. मामांना जी कचेरी हवी आहे ती या आज्ञेच्या आत बसवता येणार नाही, तशी ती बसवण्याचे प्रयत्न फसत आले आहेत. आणि भाच्याचा जो करार आहे तो ज्याने आपल्या प्रती खरोखर परत येतात हे पाहून ठेवले आहे त्यालाच परवडतो. आपल्याकडे आता ग्रामपंचायतीपासून विद्यापीठापर्यंत दफ्तरे संगणकावर आली आहेत, आणि त्यांच्या मागे कुठेतरी एक काळी खिडकी व तिच्यापुढे बसलेला एक माणूस आहे. अशा जागी जो कोणी काम करत असेल त्याला माझी विनंती आहे की त्याने या आठवड्यात आपल्या बॅकअपमधून एक फाइल निवडावी, ती दुसऱ्या यंत्रावर परत आणावी, उघडून शेवटपर्यंत वाचावी, आणि तारीख घालून त्याची नोंद करावी. ती उघडली नाही, तर त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवावे.